गावात ‘आपली साइट आपणच बनवा’ सेवा सुरू करायची तर

तालुक्याच्या गावी वेबसाइट बनवून देणाऱ्यांची कमी नाही. नागपूर-अमरावतीहून फोन येतात, स्वस्तात साइट, दोन दिवसांत साइट. आणि साइट बनतेही. मग संत्र्याच्या कलमांचा भाव बदलतो, होमस्टेवाल्याचा नंबर बदलतो, बचत गटाची अध्यक्ष बदलते, पण साइटवर सगळं जुनंच राहतं. मालकाला बदलता येत नाही आणि बनवणारा फोन उचलत नाही. अशा मेलेल्या साइट विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यात सापडतील.

ज्यांना हेच काम दुसऱ्या बाजूने करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. साइट ग्राहकाने स्वतःच्या हाताने बनवायची, आपण शेजारी बसायचं. पैसे घ्यायचे ते त्या बसण्याचे, तयार टेम्प्लेटचे आणि वर्षभराच्या मदतीचे. एमएस-सीआयटीचा क्लास, ई-सेवा केंद्र, डीटीपीचं दुकान किंवा फोटो स्टुडिओ चालवत असाल तर जागा, लॅपटॉप आणि ओळखी तुमच्याकडे आहेतच. कोडिंग यायला हवं असं नाही. समोरच्याचं बोट कुठे अडखळतं ते बघत बसण्याचा धीर मात्र लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो.

आधी एक प्रश्न, मग कॉम्प्युटर

ग्राहक आला की लगेच लॅपटॉप उघडू नका. एवढंच विचारा: ‘लोक तुम्हाला फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतात?’

शेंदुरजना घाटचा संत्रा नर्सरीवाला सांगेल, कलमा किती उरल्या, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, आणि भाव काय. मोहर्लीचा होमस्टेवाला सांगेल, खोली आहे का, आणि मंगळवारी सफारी असते का. (ताडोब्याचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद राहतो. तरी फोन येतातच.) समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद विकणारी ताई सांगेल, यंदाची पूड आली का आणि पुण्याला पाठवता का.

या उत्तरात दोन प्रकारचा माल असतो. एक कधीच न बदलणारा: गाव, रस्ता, कोणतं गेट जवळ, खुंटाची माहिती. दुसरा सतत बदलणारा: शिल्लक, भाव, तारीख. तुमची सगळी सेवा या दुसऱ्या मालावर उभी आहे. साइटवर बदलणारी गोष्ट एकच ठेवा आणि ती मालकाला स्वतःच्या फोनवरून, चुलीजवळ बसून बदलता आली पाहिजे. बाकी पानं एकदा नीट लिहा आणि कुलूपबंद करा. दहा गोष्टी बदलता येतील अशी साइट दिली तर ग्राहक एकही बदलत नाही, कारण हात लावला की काही बिघडेल अशी त्याला धास्ती असते.

प्रश्नाचं उत्तर ‘पत्ता आणि वेळ’ एवढंच आलं तर त्या माणसाला साइटची गरज नाही. किराणा, सलून, पंक्चरचं दुकान यांना गुगल मॅपवरची नोंद पुरते, आणि ती फुकट आहे. ती करून द्या, थोडी फी घ्या, चहा प्या आणि पाठवून द्या. नोंदीची पडताळणी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओने होते. रस्ता, दुकानाची पाटी आणि आतलं सामान एकाच चित्रीकरणात दाखवावं लागतं. गावात पुष्कळ धंद्यांना पाटीच नसते, तेव्हा आधी पाटी रंगवायला सांगा.

कोणत्या हत्याराने बनवायचं

साइट बनवायचं स्वतःचं बिल्डर सॉफ्टवेअर लिहायच्या भानगडीत पडू नका. ते कंपन्यांचं काम आहे, आणि त्यांचीही दुकानं बंद होतात. नवशिक्यांसाठी माझ्या मते दोनच वाटा पुरेशा आहेत.

पहिली, गुगल साइट्स. होस्टिंगचा, म्हणजे साइट नेटवर ठेवायच्या जागेचा, खर्च नाही, जाहिराती नाहीत, स्वतःचं डोमेन (साइटचा नेटवरचा पत्ता) जोडता येतं, आणि जीमेल असलेल्या कोणालाही चालवता येते. अडचण अशी की पानं कॉम्प्युटरवरच नीट संपादित होतात, फोनवर नाही. आणि आपल्या ग्राहकाकडे कॉम्प्युटर नाही. तोडगा सोपा आहे. बदलणारी गोष्ट गुगल शीटमध्ये, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन तक्त्यात, ठेवायची आणि ती शीट साइटच्या पानात बसवायची. मालक फोनवरच्या शीट्स ॲपमध्ये ‘१८००’ खोडून ‘१२५०’ लिहितो आणि साइटवर आकडा बदलतो. वेब ब्राउझर उघडायचंही काम नाही. रकाने दोन किंवा तीनच ठेवा, चौथा रकाना फोनच्या पडद्याबाहेर जातो. शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशी ठेवावी लागते, म्हणून तिच्यातल्या सगळ्या टॅब लोकांना दिसू शकतात हे ग्राहकाला दोनदा सांगा. नाहीतर तो भरवशाने दुसऱ्या टॅबमध्ये उधारीची यादी लिहून ठेवतो.

दुसरी वाट वर्डप्रेसची. २००३ पासून आहे, मराठीत चालते, आणि जगातल्या साइटचा फार मोठा हिस्सा तिच्यावर उभा आहे, त्यामुळे अडलं तर उत्तर शोधता येतं. तुम्हाला खरोखर ‘सेवा’ उभी करायची असेल, म्हणजे एका जागी नर्सरीचा साचा, होमस्टेचा साचा, मसाल्याचा साचा, आणि ग्राहकाने एक निवडून भरायला लागायचं, तर वर्डप्रेसमधली मल्टिसाइट सोय कामाची आहे. २०१० पासून ती मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. एकाच मांडणीवर अनेक साइट चालतात. ग्राहकाला रोजच्या कामासाठी प्रशासकाचं खातं न देता संपादकाचं द्या, आणि पानातले जे ठोकळे हलू नयेत ते लॉक करा.

पण वर्डप्रेस घेतलं की राखण तुमच्याकडे आली. अपडेट, बॅकअप, फुकटात मिळालेलं चोरीचं थीम (साइटचं तयार रूप) न वापरणं, हे सगळं. एका होस्टिंग खात्यात सगळ्या ग्राहकांच्या साइट ठेवल्या आणि एकीत व्हायरससारखी घाण शिरली तर सगळ्यांना भोगावं लागतं. म्हणून पहिले काही ग्राहक गुगल साइट्सवर करा. राखणीचं अंगवळणी पडल्यावर दुसऱ्या वाटेला लागा.

फुकट मिळणाऱ्या जागेवर किती विसंबायचं, हे २०२४ च्या मार्चमध्ये देशभरच्या दुकानदारांना कळलं. गुगलच्या व्यवसाय नोंदीसोबत मिळणाऱ्या छोट्या साइट कंपनीने तेव्हा बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं. ज्यांनी कार्डांवर आणि पिशव्यांवर गुगलचा पत्ता छापला होता, त्यांच्या पिशव्या वाया गेल्या.

डोमेन आणि किल्ल्या

इथे घाई करू नका. बाकी सगळं दुरुस्त करता येतं, हे नाही.

डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलने, ग्राहकाच्या मोबाइल नंबरवर घ्यायचं. पैसे त्याच्याच यूपीआयमधून गेले तर सगळ्यात चांगलं. ‘मी घेऊन ठेवतो, तुम्हाला कशाला त्रास’ हे वाक्य तोंडातून काढू नका. वर्षाने त्याच वाक्यावरून भांडण होतं.

हे सांगायला सोपं आहे. अडचण पहिल्याच पावलावर येते, ती जीमेलची. ग्राहकाच्या फोनमध्ये जीमेल असतं, पण ते मोबाइल दुकानाच्या पोऱ्याने फोन विकताना काढलेलं असतं. नाव भलतंच, पासवर्ड कोणालाच माहीत नाही, रिकव्हरी नंबर बंद पडलेल्या सिमचा. म्हणून पहिल्या बैठकीचा मोठा भाग याच दुरुस्तीत जातो, आणि तो जाऊ द्या. पासवर्ड माहीत करून घ्या किंवा नवं खातं काढा, रिकव्हरीला तोच नंबर द्या ज्याचा रिचार्ज घरात कधी चुकत नाही (बहुतेक वेळा तो शिकणाऱ्या मुलीचा असतो), आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पासवर्ड ग्राहकाने स्वतः वहीत लिहायचा आणि ती वही बँकेच्या पासबुकासोबत कपाटात ठेवायची. तुमच्या लॅपटॉपवर त्याची नक्कल नको. शहरातले जाणकार हसतील, पण चोरीला जाणाऱ्या वहीपेक्षा विसरला जाणारा पासवर्ड आपल्याकडे कितीतरी जास्त.

डोमेनचं नाव निवडताना मराठी नावाचं रोमन स्पेलिंग हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. वर्ध्याचा व डब्ल्यूने लिहितात, विदर्भाचा व्हीने. वायगावच्या हळदीची सरकारी नोंद डब्ल्यूने आहे, पण ऐकून टाइप करणारा माणूस व्ही दाबणार. नाव नक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. ग्राहकाच्या तीन नातेवाइकांना फोन लावा, नाव तोंडी सांगा आणि ‘व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहून पाठवा’ म्हणा. तिघांनी तीन तऱ्हा पाठवल्या तर ते नाव टाका, दुसरं शोधा. नाव लहान ठेवा. ‘श्री’, ‘ॲग्रो’, ‘एंटरप्रायजेस’ ही शेपटं शक्य तिथे कापा.

देवनागरीतलं ‘डॉट भारत’ डोमेन २०१४ पासून मिळतं. मला ते मनापासून आवडतं, तरी धंद्याचं मुख्य डोमेन म्हणून सुचवणार नाही. काही ॲपमध्ये ते न वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांच्या रूपात दिसतं, आणि त्यावर चालणारा ईमेल सगळीकडे घेतला जात नाही. हौस आणि पैसे दोन्ही असतील तर ते जोडीला घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा.

‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’, दोन्ही चालतात. पहिल्या वर्षाचा जाहिरातीतला स्वस्त दर बघून भुलू नका. नूतनीकरणाचा दर काय, तो बघून विक्रेता ठरवा आणि तो आकडा ग्राहकाला आधीच कागदावर द्या. पहिल्या वर्षी नाममात्र आणि दुसऱ्या वर्षी एकदम हजाराच्या घरात गेलं की ग्राहकाला वाटतं मधले पैसे तुम्ही खाल्ले.

डोमेन घेतल्यावर अनोळखी फोन सुरू होतात: ‘सर, तुमच्या डोमेनसाठी साइट बनवायची आहे का?’ काही ईमेल तर नूतनीकरणाच्या बिलासारखे दिसतात. हे येणार आहेत आणि त्यांना पैसे द्यायचे नाहीत, असं आधीच सांगून ठेवा.

मराठी मजकुराचं कसं करायचं

ग्राहक म्हणतो, ‘माहिती आहे ना भाऊ, पत्रक छापलं होतं.’ डीटीपीवाल्याकडून फाइल येते. ती साइटवर चिकटवली की सगळी अक्षरं इंग्रजी होऊन जातात, मध्ये कंस, स्वल्पविराम आणि टक्क्याची चिन्हं. फाइल बिघडलेली नसते. ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये बनवलेली असते. त्या फाँटमध्ये आतलं अक्षर इंग्रजीच असतं, त्याला फक्त मराठी चेहरा दिलेला असतो. तो फाँट नसलेल्या फोनवर चेहरा गळून पडतो. गुगलच्या शोधालाही त्यात मराठी दिसत नाही.

अशी फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या फोनवर सारखी दिसणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत) बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतात, त्या हाताने सुधाराव्या लागतात. पान-दोन पानांचा मजकूर असेल तर बदलत बसण्यापेक्षा नवा लिहिलेला बरा. त्यासाठी ग्राहकाला टाइप करायला लावू नका. फोनवर जीबोर्डचा माइक दाबायचा, भाषा मराठी ठेवायची आणि बोलायला सांगायचं.

इथे एक युक्ती आहे. ‘माहिती सांगा’ म्हटलं की माणूस फ्लेक्सच्या भाषेत बोलायला लागतो: ‘आमचे येथे सर्व प्रकारची उत्कृष्ट दर्जाची कलमे योग्य दरात मिळतील.’ त्याऐवजी म्हणा, समजा पांढुर्ण्याहून एक गिऱ्हाईक आलं आहे आणि विचारून राहिलं आहे की तुमच्याचकडून काहून घेऊ. मग उत्तर येतं: ‘आपल्या कलमा आपण स्वतः बांधतो, बाहेरून आणून विकत नाही. डोळा कोणत्या झाडाचा घेतला ते झाड वावरात उभं आहे, येऊन पाहून घ्या.’ हेच साइटवर ठेवा. विरामचिन्हं टाका, आकडे तपासा, एवढंच. वऱ्हाडी शब्द आले तर राहू द्या. संत्र्याची पन्हेरी घ्यायला येणाऱ्याला पन्हेरी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.

फाँट म्हणून मुक्त, नोटो सान्स देवनागरी किंवा बालू यांपैकी एक घ्या. तिन्ही फुकट आहेत. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी ठेवा. हिंदी ठेवली तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. शुद्धलेखन ग्राहकाकडून तपासून घेण्यात अर्थ नाही. गावातल्या मराठीच्या गुरुजींना एकदा वाचायला द्या.

शेजारी बसायचं म्हणजे काय

एका साइटला तीन बैठका धरा. पहिली जीमेल आणि डोमेनची, दुसरी मजकूर आणि फोटोंची, तिसरी पानं भरण्याची. प्रत्येक बैठक दीड-दोन तासांची. त्याहून लांबवली तर माणूस ‘तुम्हीच करा आता’ म्हणतो. उन्हाळ्यात सकाळीच बसा. दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकतो, लाइट जाते आणि ग्राहक घराबाहेर पडत नाही.

माउस ग्राहकाच्या हातात. हा एकच नियम कडक पाळा. तुमचा हात शिवशिवेल, कारण तो ‘सेव्ह’चं बटण शोधत पडदाभर फिरत असतो आणि तुम्हाला ते कधीचं दिसतं आहे. तोंडाने सांगा, बोट दाखवा, पण हात लावू नका. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी त्याच्याच फोनवर त्याच्याकडून भाव बदलून घ्या, मग जुना परत लिहायला लावा, मग पुन्हा नवा. आठवड्याने फोन करून सांगा, ‘आज भाव बदलून दाखवा, मी इथून बघतो.’ तो बदलला तर काम संपलं. ‘भाऊ, बदलला, पण काहून नाही दिसून राहिला?’ असं विचारलं तर घाबरू नका, पानात बसवलेली शीट ताजी व्हायला कधीकधी काही मिनिटं घेते. पान पुन्हा उघडायला सांगा.

दोन कंपन्यांची सिमं जवळ ठेवा. एकाच्या टॉवरला लाइट नसेल तर दुसरं चालतं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर ती आधी बदला, बाकी खर्च नंतर. आठ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉपही चालतो.

फोटो

फोनवरचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. तसे दहा फोटो मुखपृष्ठावर टाकले तर ताडोब्याच्या कोलारा गेटजवळच्या नेटवर साइट उघडेपर्यंत पाहुणा दुसऱ्या रिसॉर्टला फोन लावतो. फोटोची रुंदी बाराशे पिक्सेलवर आणा आणि वजन दोनशे केबीच्या आत. स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच हे करतं, फोटो कुठे अपलोड होत नाही. साइट झाल्यावर ती तुमच्या वायफायवर तपासू नका. बसस्टँडवर उभं राहून ग्राहकाच्या फोनवर उघडा.

इंटरनेटवरून उचललेला वाघ नको. तो फोटो कोणाच्या तरी मालकीचा असतो, आणि येणाऱ्या पाहुण्याला खोली, संडास आणि जेवणाचं ताट बघायचं असतं. बचत गटाच्या महिलांचे फोटो टाकायचे तर प्रत्येकीला विचारून. आधार कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक साइटवर कधीच नाही. ग्राहकाने ते व्हॉट्सॲपवर तुम्हाला पाठवलं असेल तर काम झालं की पुसून टाका.

ऑर्डर आणि फसवणूक

सुरुवातीला शॉपिंग कार्ट लावू नका. व्हॉट्सॲपचं बटण पुरेसं आहे. त्याच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करायचा, पुढे दहा आकडे. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा यांतलं काही नको. यातलं एक जरी राहिलं तरी बटण मुकं होतं, आणि ग्राहकाला वाटतं लोकच ऑर्डर देत नाहीत. हळद-मिरचीच्या साइटवर पोस्टाचा किंवा कुरिअरचा खर्च किलोप्रमाणे स्पष्ट लिहा. खाण्याचा पदार्थ विकत असतील तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची सरकारी) नोंदणी आधी, साइट नंतर. वायगाव हळद किंवा भिवापूर मिरचीचं जीआय (भौगोलिक मानांकन) चिन्ह छापायचं असेल तर तो उत्पादक ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा. त्या गावचा आहे एवढ्याने चालत नाही.

नंबर साइटवर गेला की एक ठरावीक फोन येतो. समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, पन्नास किलो हळद किंवा आठ खोल्या एकदम मागतो, घासाघीस करत नाही, आणि ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. ग्राहकाच्या वहीत, पासवर्डच्या खालीच मोठ्या अक्षरात लिहायला लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलंच तर १९३० या नंबरवर लगेच फोन.

होमस्टेवाल्याच्या साइटवर सफारीची तिकिटं विकण्याचा आव नको. सफारीचं बुकिंग वन विभागाच्या अधिकृत साइटवर होतं. तिथली लिंक द्या आणि कोणतं गेट किती किलोमीटर ते सांगा. पाहुण्याला तेच हवं असतं.

पैसे, पावती आणि हंगाम

माझ्या अंदाजाने सुरुवातीला तीन बैठकांचे मिळून तीन ते पाच हजार योग्य आहेत, वर्षाच्या मदतीचे दीड-दोन हजार वेगळे, आणि डोमेनचा खर्च ग्राहकाने थेट भरायचा. फुकट कोणालाच करून देऊ नका, मामाच्या मुलालाही नाही. नातेवाइकाला सूट द्या, पण पावती फाडा. फुकटच्या साइटवरचा भाव कोणी बदलत नाही.

वर्षाच्या फीमध्ये काय येतं ते एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सह्या करा: महिन्यातून एक फोन, वर्षातून एक बैठक, नवं पान हवं असल्यास वेगळे पैसे. ‘मदत’ हा शब्द मोकळा सोडला तर लोक प्रिंटर बिघडला तरी तुम्हाला बोलावतात.

वसुलीचा महिना विदर्भात कॅलेंडरवर नसतो, वावरात असतो. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर फी मागायला गेलात तर तोंड वाकडं होतं, आणि मागणाराही अवघडतो. सोयाबीन-कापूस विकून हातात पैसा येतो तो दिवाळीनंतर. डोमेनची मुदत पावसाळ्यात संपत असेल तर ते जानेवारीतच पुढे वाढवून घ्या, मुदत संपायची वाट बघावी लागत नाही. जमल्यास दोन-तीन वर्षांचं एकदम भरा. संत्रा नर्सरीवाल्याचं गणित उलटं, त्याची विक्रीच पावसाळ्यात, तेव्हा त्याला सप्टेंबरात गाठा आणि त्याची साइट मेअखेर तयार ठेवा.

बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या चांगले ग्राहक आहेत, फक्त हळू. गटात ठराव होतो, मग अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, मग चेक. कंपनीत कोटेशन मागतात, कधी तीन मागतात. यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवा. ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. लॅपटॉप-इन्व्हर्टरसाठी कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंतची सोय आहे.

उत्पादक कंपनीची साइट करताना एक कायदेशीर गोष्ट बहुतेक जण विसरतात. कंपनीला आपल्या साइटच्या मुखपृष्ठावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी) क्रमांक, फोन, ईमेल आणि चौकशीसाठी संपर्क करायच्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. २०१४ च्या कंपनी नियमांतच ते आहे. कोटेशनमध्ये ही ओळ घाला, संचालकांना तुमच्याबद्दल वेगळंच वाटायला लागतं.

आणि सरपंच येतीलच. ‘ग्रामपंचायतीची साइट करून द्या, वर अशोकस्तंभ टाका.’ राजमुद्रा अशी कोणीही वापरू शकत नाही, त्यावर २००५ चा कायदा आहे. ग्रामपंचायतीच्या अधिकृत साइटचा मार्ग पंचायत समितीकडून जातो. सरपंचांना हवं असेल तर गावाच्या यात्रेची, तलावाची, शाळेची माहिती देणारी साइट करा, राजमुद्रेविना, आणि ‘ही सरकारी साइट नाही’ ही ओळ वरच ठेवा.

ग्राहक सोडून जातो तेव्हा

जाणारच. कोणाचा भाचा पुण्याहून शिकून येतो, कोणाला मोठी साइट हवी असते. डोमेन त्याच्याच नावावर असल्याने तुम्हाला फार काही करायचं नसतं. गुगल साइटची आणि शीटची मालकी त्याच्या खात्यात आहे का ते बघा, आणि तुमच्या खात्याला दिलेली परवानगी त्याच्यासमोर काढून टाका. वर्डप्रेसवर असेल तर मजकुराची निर्यात फाइल आणि सगळे फोटो पेनड्राइव्हवर द्या. डोमेन दुसऱ्या विक्रेत्याकडे न्यायचं असेल तर जुन्या विक्रेत्याच्या खात्यातून लॉक काढून ऑथ कोड (डोमेन हलवायचा परवलीचा कोड) घ्यावा लागतो. ‘डॉट कॉम’ नवं असेल तर पहिले साठ दिवस ते हलत नाही, हे भाच्याला सांगा, नाहीतर तो तुमच्यावरच संशय घेईल. वर्षाच्या फीतले उरलेले महिने मोजा आणि तेवढे पैसे यूपीआयने परत करा. वहीतले पासवर्ड त्याला त्याच दिवशी, तुमच्या दुकानातून निघण्याआधी बदलायला लावा.